खालून ऐकलेली चाल

चिठ्ठी आली ती औषधाच्या बिलामागं लिहिलेली,
दाराच्या फटीतून, सकाळी सव्वाआठला.
'ताई, मी अंबडला थर्ड शिफ्टला असतो.
सातला घरी येतो. तुमचं मशीन सातलाच सुरू होतं.
राग नाही.
वाल्मीक खैरनार, एकशे तीन.'

राग नाही, हेच जास्त लागलं.
भांडायला आले असते
तर भांडता आलं असतं.

झटका लहान होता, असं सगळेच म्हणाले.
रोज चाळीस मिनिटं चालायचं, चुकवायचं नाही.
आठवडाभर इंदिरानगरच्या ट्रॅकवर गेलो.
जानेवारीतलं नाशिक, आठ अंश,
आणि कानटोपी वर करून थांबवणारे लोक,
'आता कसंय?'
श्रीरंग एक दिवस अर्ध्यातून परतला.
मग हे काळं धूड आलं, हप्त्यावर.
खिडकीपाशी मांडलं. समोर पांडवलेणीचा डोंगर.
तो रोज डोंगराकडे चालायचा
आणि पोचायचा नाही.

संध्याकाळी खाली गेले. म्हटलं, मला ऐकू द्या.
वर फोन केला, चालू कर, नेहमीच्या वेगावर.
आणि खैरनारांच्या पलंगाच्या कडेला बसले,
माझ्याच घराकडे मान वर करून.

आधी नुसती घरघर, जात्यासारखी.
मांडणीत एक स्टीलचा पेला बारीक किणकिणला.
बंद पंख्याची पाती थरथरली.
मग पाय.

धप्. धब्ब.
धप्. धब्ब.

डावा जड पडतो.

वर मला दिसतो तो
घाम पुसत अंगठा दाखवणारा,
'झालो की ठणठणीत' म्हणणारा.
इथं, परक्या माणसाच्या उशीपाशी,
कळलं की त्याचा एक पाय
अजून दवाखान्यातून घरी आलेला नाही.

खैरनार म्हणाले, 'आता पुष्कळ बरंय हो.
फेब्रुवारीत तर घासत यायचा.'

मी पाणी मागितलं.

मग जे करायचं ते केलं.
लिंक रोडच्या भंगारातून रबरी पट्टा आणला,
दोन बोटं जाड, कुठल्याशा कारखान्याचा,
घरभर टायरचा वास.
पिंपळगावच्या दिरांनी द्राक्षपेट्यांतला फोम दिला.
बीम कुठून गेलाय ते खैरनारांनीच सांगितलं,
खालून झाडूच्या दांड्यानं ठोकत,
'इथं, इथं, थोडं पुढं या.'
मी वर खडूनं खुणा करत गुडघ्यांवर फिरले.
नेमकी सोफ्याची जागा निघाली.
सोफा हलला, टीव्ही हलला.
डोंगर गेला.
आता तो शोकेसमधल्या चिनीमातीच्या बदकांकडे चालतो.

वेळ ठरली, दुपारी तीननंतर.
उठले की खैरनार मिस्ड कॉल देतात.
एक रिंग. श्रीरंग बुटाची लेस बांधायला घेतो,
डावी आधी.
अनवाणी चालायचं नाही, धावायचं तर नाहीच,
पट्टा थांबल्याशिवाय उडी मारून उतरायचं नाही.
पाळतो सगळं. कुरकुरतो आणि पाळतो.
त्याला वाटतं, हे आवाजासाठी.
आहेच.

सणावाराला खैरनार गावी जातात, सटाण्याकडे.
किल्ली आमच्याकडे, झाडांना पाणी घालायला.
'आज खाली कोणी नाही,' श्रीरंग म्हणतो,
'सकाळीच उरकून टाकतो.'
बरं, म्हणते मी,
आणि तांब्या घेऊन खाली उतरते.
त्यांच्या बाल्कनीत एकच कोरफड आहे.
तिला फार पाणी लागत नाही.
तरी मी उभी राहते, पलंगापाशी,
मान वर करून.

रबर बरंच गिळतं आता.
कान लावावा लागतो.